दारातून गाडी गेली. तुम्ही रात्री गाडी कशी लावता?

गोडोलीकर

मागच्या मंगळवारी पहाटे आमची स्प्लेंडर दारातून गेली. आमचं घर साताऱ्याला गोडोलीत बोळात आहे. बोळ इतका अरुंद की चारचाकी आत शिरत नाही आणि दोन्ही बाजूंना ओळखीची घरं. त्या भरवशावर आम्ही इतकी वर्षं निर्धास्त झोपलो.

वडिलांनी ही गाडी २०१६ च्या दसऱ्याला घेतली होती. पाच वाजता ते दूध आणायला बाहेर पडले तर जागा रिकामी. फरशीवर ऑइलचा डाग तेवढा होता. त्यांना वाटलं, मीच कुठेतरी घेऊन गेलो असेन, म्हणून पंधरा मिनिटं ते पायरीवर बसून माझी वाट बघत राहिले. मी आतल्या खोलीत झोपलो होतो. त्या पंधरा मिनिटांचं मला अजून वाईट वाटतं.

तक्रार देताना पहिला प्रश्न आला, "हँडल लॉक केलं होतं का?" मी हो म्हणालो. नंतर आठवायला लागलो तर खात्री देता येईना. किल्ली फिरवली होती हे नक्की, पण लॉक बसलं की नाही हे हँडल हलवून बघितलं नव्हतं. दुसरी गोष्ट आमच्या फिटरने सांगितली. आमच्या गाडीची किल्ली इंजिन चालू असतानाही बाहेर निघायची. आम्ही ती गाडीची खोड समजत होतो. तो म्हणाला, "ही खोड नव्हे, कुलूप झिजलंय. असल्या कुलपाला दुसऱ्या स्प्लेंडरची किल्लीसुद्धा लागते."

हे आम्हाला वर्षभर आधी कळलं असतं तर फार तर कुलूपसेटचा खर्च आला असता. म्हणून हा धागा काढतोय. तुम्ही घरी गाडी कशी लावता, बाहेर गेल्यावर कशी लावता, आणि नुसता समज कुठला होता हे नंतर कळलं, ते सगळं मोकळेपणाने लिहा.

मिरजेचा_फिटर

दादा, वाचून वाईट वाटलं. माझं गॅरेज मिरजेत आहे, बावीस वर्षं झाली. तुमच्या फिटरने सांगितलं ते बरोबर आहे. जुन्या गाडीची किल्ली सैल झाली की गिऱ्हाईक खूश होतं, "आता कशी पटकन लागते!" ती पटकन लागायला लागली की समजायचं, आतल्या पत्त्या झिजल्या. कुलूपसेट बदला, टाकीचं झाकण आणि साइड कव्हरसकट. किल्ली हरवली असेल तर नुसती डुप्लिकेट पाडून भागवू नका, तेव्हाही सेटच बदला. नव्या गाडीच्या किल्लीबरोबर नंबरची छोटी पट्टी येते, ती किल्लीच्या जुडग्याला लावून हिंडू नका. घरात ठेवा.

आता हँडल लॉक. आत बोटाएवढी एक खिट्टी असते, ती खाचेत पडते. चोर हँडलला दोन्ही हातांनी जोराचा हिसका देतो आणि खिट्टी तुटते. किती वेळ लागतो ते इथे लिहीत नाही, पण तुम्ही चप्पल घालून बाहेर येईपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून हँडल लॉक ही पहिली कडी समजा, शेवटची नाही. लावल्यावर हँडल हलवून बघा. गाडीचं तोंड भिंतीकडे करून लावा, म्हणजे हिसका द्यायला बाजूला उभं राहायला जागाच मिळत नाही. मुख्य स्टँडवर लावा, साइड स्टँडवरची गाडी ढकलत न्यायला सोपी असते.

दुसरं कुलूप पाहिजेच. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक, म्हणजे ब्रेकच्या चकतीत अडकवायचं कुलूप. पण त्याला रंगीत दोरी बांधून ती हँडलला अडकवा, कारण सकाळच्या घाईत लॉक काढायचं विसरून गाडी पुढे घेतलेले लोक माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतात. डिस्क वाकते, कॅलिपर फुटतो आणि माणूसही पडतो. ड्रम ब्रेकच्या गाडीला साखळी. साखळी मागच्या चाकातून आणि चेसिसच्या आतून घ्या. ती जमिनीवर लोळत ठेवू नका. जमिनीवर टेकलेल्या कडीवर हातोडा नीट बसतो, लोंबकळणाऱ्या कडीवर बसत नाही.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक रात्री बंद करायची सवय चांगली. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी जाते आणि चौकात बंद पडते. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांना इंजेक्शन आहे, बहुतेकांना कॉक नाही. तिथे मेन फ्यूज काढून खिशात घातला तर गाडी चालू होत नाही. चार दिवस गावाला जाणार असाल तर हे करा. रोज करू नका, फ्यूजची जागा सैल होते.

शाहूपुरी_ताई

माझा अनुभव चोरीचा नाही, थोडक्यात वाचल्याचा आहे. मोती चौकात गाडी लावून मी ओढणीला पिको करायला दुकानात गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले तर किल्ली डिकीच्या कुलपाला तशीच लोंबत होती, आणि डिकीत काय तर आरसीचं मूळ कार्ड, विम्याची प्रत आणि माझं आधार कार्ड. शेजारच्या गजरेवाल्या मावशी म्हणाल्या, "बाई, मी लक्ष ठेवलं म्हणून हाय ती गाडी."

मला वाटतं हे आपण बायका जास्त करतो, कारण हातात पिशव्या असतात, कडेवर मूल असतं आणि किल्ली डिकीतून काढून पुन्हा पुढे घालायची असते. त्या दिवसापासून मी किल्ली मनगटात अडकवायच्या जाड दोऱ्यात घातली आहे. डिकी उघडली तरी किल्ली हाताला बांधलेलीच राहते.

मूळ कागद तर कोणीच गाडीत ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी दाखवली तरी चालते. गाडीत मूळ आरसी सापडली की चोराला गाडी विकायला आपणच मदत करतो.

ऊसपट्टा

कोरेगाव तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडं गाडी दारातनं जात न्हाय, शेतातनं जाते. माणूस रस्त्याकडंला गाडी लावतो, किल्ली तशीच, आणि उसात पाणी पाजायला आत शिरतो. ऊस डोक्याच्या वर गेला की आतनं रस्ता दिसत न्हाय आणि मोटरच्या आवाजात गाडी चालू झालेली ऐकू येत न्हाय. माझ्या चुलत्यांची गाडी अशीच गेली. रात्रपाळीची लाइट होती, गडी दोघं होते, तरी कळलं न्हाय.

आता आम्ही गाडी विहिरीपर्यंत आत घेतो आणि मोटरच्या खोलीच्या लोखंडी दाराला साखळी लावतो. तोडणीच्या हंगामात नवी माणसं येतात म्हणून लगेच ऊसतोडीच्या टोळीवर संशय घेतात, ते मला पटत न्हाय. चुलत्यांची गाडी सापडली ती शेजारच्याच गावात, आणि नेणारा आमच्या वळखीचा निघाला. चार महिने बिचाऱ्या टोळीच्या मुकादमाला लोकांनी टोमणे मारले होते.

खिंडवाडीचा

एक वेगळं मत. साखळी, डिस्क लॉक, हे सगळं मनाचं समाधान आहे. ज्याला न्यायचीच आहे तो कटर घेऊन येतो, नाहीतर चौघं उचलून पिकअपमध्ये टाकतात. माझ्या मित्राची बुलेट साखळीसकट गेली. त्यापेक्षा जीपीएस बसवा आणि विमा ठेवा.

मिरजेचा_फिटर

तुमच्या मित्राची साखळी कशाला बांधली होती? नुसती चाकात असेल तर गाडी साखळीसकट उचलता येते. खांबाला, जिन्याच्या लोखंडाला, जमिनीतल्या कडीला बांधली की उचलणाऱ्याचं काम वाढतं. कटरने तुटणार नाही असं मी म्हणत नाही. पण ओळीत दहा गाड्या असतील तर तो तुमच्यावर कटर चालवत बसायच्या आधी बाकीच्या नऊ बघतो.

जीपीएस चांगला, पण तो गाडीच्या बॅटरीवर चालतो. पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरते, मग लोक माझ्याकडे येऊन "ते डबडं काढून टाका" म्हणतात. सिमचं रिचार्ज संपलेलं तर कोणाच्या लक्षातच नसतं. आणि वायरिंग कापून बसवलं तर कंपनीची वॉरंटी जाऊ शकते. कपलरवर, म्हणजे वायर न कापता जोडावर बसणारा मिळतो का ते आधी विचारा.

खिंडवाडीचा

साखळी चाकालाच होती, हे खरं. कशाला बांधायची हा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. जीपीएसचं मात्र मी सोडणार नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला आहे आणि दर महिन्याच्या १ तारखेला मी रिचार्ज आणि बॅटरी दोन्ही बघतो.

निवृत्त_जमादार

सातारा जिल्ह्यातच पोलिसांत नोकरी झाली. गाडी जागेवर नाही हे कळल्यापासून पहिल्या तासात काय करायचं ते लिहितो, कारण त्या तासात लोक गल्लीत गाडी शोधत फिरतात.

आधी दोन शक्यता तपासा. नो पार्किंगमधून वाहतूक शाखेने उचलली का, आणि हप्ता थकला असेल तर फायनान्सवाल्यांनी ओढून नेली का. दोन फोनचं काम आहे. दोन्हीकडे नसेल तर लगेच ११२ ला कळवा आणि ठाण्यात जा. "सापडेल संध्याकाळपर्यंत" म्हणून थांबू नका. तुमच्या गाडीवर बसून कोणी दुसरा गुन्हा केला तर चौकशी पहिल्यांदा तुमच्या दारात येते, तेव्हा तक्रारीची वेळ उपयोगी पडते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीचं कलम ३७९ होतं, ते आता ३०३ (२) आहे. गाडी पुण्यात गेली आणि तुम्ही साताऱ्याला आलात तरी इथलं ठाणं गुन्हा नोंदवून तिकडे पाठवू शकतं. "हद्दीत जा" हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

सोबत चेसिस नंबर आणि इंजिन नंबर न्या. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. निम्मे लोक नुसता पाटीवरचा एमएच-११ सांगतात. पाटी चोर पहिल्या रात्रीच काढून टाकतो. गाडीवर कोरलेल्या चेसिस नंबरचा फोटो आजच काढून ठेवा, आणि गाडीवरच्या खुणांचाही, म्हणजे टाकीवरचा पोचा, शिवलेली सीट, लेग गार्डचं वेल्डिंग. मुद्देमालात एकसारख्या तीस काळ्या स्प्लेंडर उभ्या असतात. त्यातली आपली ओळखायला मालक अशाच खुणेवर येतो.

आणि तरुण मुलांना एक कळकळीचं सांगणं. "कागद नंतर देतो" म्हणत कोणी अर्ध्या किमतीत गाडी देत असेल तर घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतला, तर कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेतात वापरायला म्हणून बिनकागदाची गाडी घेतलेली आणि कोर्टाच्या फेऱ्या मारणारी साधी माणसं मी पाहिली आहेत. अशी गाडी घेणारे आहेत, म्हणून तुमच्या दारातली गाडी जाते.

विमा_काम

वीस वर्षं विम्याचं काम करतो. गोडोलीकर, तुमचा विमा कुठला आहे ते आधी बघा. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, एकदमच घ्यावा लागतो. त्याच कागदावर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. लोक "पाच वर्षांचा विमा" एवढंच लक्षात ठेवतात. चोरी थर्ड पार्टीत येत नाही, ती या स्वतःच्या नुकसानीच्या भागात येते. दुसऱ्या वर्षी तो भाग नूतनीकरण केला नसेल तर हातात कागद असतो आणि चोरीचा दावा शून्य.

ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांनी पोलिसांत तक्रार केली त्याच दिवशी कंपनीला कळवा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पोलिसांत तक्रार वेळेत असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही. पण मुळात उशीर कशाला करायचा? दोन्ही किल्ल्या मागतात. एकच दिली तर दुसरी गाडीतच होती का, हा प्रश्न येतो. किल्ली गाडीत राहिली म्हणून दावा पूर्ण नाकारलेल्या एका ट्रकमालकाला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ७५ टक्के रक्कम मिळवून दिली, पण तिथवर जायला त्याला किती वर्षं लागली असतील ते बघा.

शेवटी तपास लागला नाही तर पोलिसांचा 'अ' समरी अहवाल, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा अहवाल, लागतो. त्याच्यासाठी महिने जातात. दरम्यान आरटीओला लेखी कळवा, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. रक्कम मिळते ती आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे घसारा वजा करून विम्याच्या कागदावर लिहिलेल्या गाडीच्या किमतीप्रमाणे. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के.

गोडोलीकर

सगळ्यांचे आभार. विम्याचा कागद काढून बघितला. थर्ड पार्टीच आहे. दर वर्षी मी फोनवरून सगळ्यात स्वस्त दिसेल तो भरत होतो. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, "विम्याचं काय झालं?" आज संध्याकाळी सांगतो.

रोजचा_पुणेकर

रोज नाही, पण आठवड्यातून तीन दिवस साताऱ्याहून पुण्याला जातो. स्टँडवर गाडी लावतो. माझ्यासारखे शेकडो आहेत, आणि आमची गाडी सकाळी सहा ते रात्री नऊ एकाच जागी असते हे रोज बघणाऱ्याला पाठ असतं. म्हणून मी रोज जागा बदलतो. पैसे देऊन लावतो, पावती पाकिटात ठेवतो, कधीच गाडीत नाही. तिथे पावती दाखवल्याशिवाय गाडी बाहेर सोडत नाहीत. पावती सीटखाली ठेवली तर त्या नियमाचा काय उपयोग?

माहुलीच्या रेल्वे स्टेशनला जाताना मात्र गाडी नेतच नाही. गावापासून लांब, परतीची गाडी रात्री-अपरात्री. भाऊ सोडायला येतो.

कासवारी

सप्टेंबरात कासला, पावसाळ्यात ठोसेघरला आमचा आठ-दहा जणांचा गट जातो. पठाराच्या अलीकडे गाड्या लावून पुढे जायचं असतं, तीन-चार तास गाड्यांकडे कोणी बघत नाही. आम्ही दोन-दोन गाड्या तोंडाला शेपूट अशा उलट्या लावतो आणि एकच लांब साखळी दोघींच्या चाकांतून घेतो. खांब नसेल तिथे दुसरी गाडीच खांब. मुक्कामाला आधी विचारतो, "गाडी फाटकाच्या आत घेता का?" नाही म्हणाले तर खोली कितीही चांगली असली तरी पुढे जातो.

सगळ्यात जोखमीची जागा मला मंगल कार्यालय वाटते. दोनशे गाड्या, आणि कोणी कोणाची गाडी मागे-पुढे ढकलली तरी सगळ्यांना तो वऱ्हाडीच वाटतो. पुसेगावच्या यात्रेतही तसंच.

विश्रामबाग_खोली

सांगलीत विश्रामबागला कॉट बेसिसवर राहतो, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. आमच्या इमारतीत बारा मुलं, सात गाड्या, पार्किंगला फाटक नाही. कोण रात्री दोनला येतो, कोण तीनला जातो, त्यामुळे गाडी चालू झाल्याचा आवाज आला तरी कोणी उठत नाही. गेल्या वर्षी एक गेली.

आता आम्ही एक ठरवलंय. रात्री अकरानंतर जो गाडी काढेल त्याने ग्रुपवर आधी लिहायचं. न लिहिता गाडीचा आवाज आला तर खिडकीजवळचा खाली डोकावतो. सुरुवातीला सगळ्यांना कटकट वाटली. दोन महिन्यांत सवय झाली. घरमालक काकांनी खाली एक दिवाही लावून दिला.

माझी अडचण वेगळी आहे. मित्र गाडी मागतात, किल्ली चार हातांतून फिरते आणि कोणीतरी बाजारात डुप्लिकेट पाडली तर मला कळणारही नाही. नाही म्हणायला जड जातं. तुम्ही काय करता?

शाहूपुरी_ताई

बाळा, किल्ली देऊ नकोस, स्वतः सोडायला जा. एवढं एकच केलंस तरी निम्मे मागणारे कमी होतील.

निवृत्त_जमादार

ताईंनी बरोबर सांगितलं. शिवाय मित्राकडे लायसन्स नसेल आणि अपघात झाला तर ते चोरीपेक्षा मोठं प्रकरण होतं.

गोडोलीकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. गाडीचा पत्ता नाही. वडिलांना विम्याचं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कागद मी तरी कुठं वाचला होता." दुसऱ्या दिवशी ते स्वतः ठाण्यात जाऊन टाकीवरच्या पोच्याचा आणि मागच्या सीटच्या शिवणीचा जबाब पुरवणी म्हणून देऊन आले.

आता जुनी, पण कागद स्वच्छ असलेली गाडी घेतली आहे. आरसीवरचा आणि गाडीवरचा चेसिस नंबर मी आणि वडिलांनी बॅटरीच्या उजेडात एकेक अक्षर वाचून ताडून बघितला. घेतल्या दिवशीच कुलूपसेट बदलला, कारण आधीच्या मालकाकडे किती किल्ल्या आहेत ते आपल्याला कसं कळणार? विमा या वेळी पूर्ण.

बोळातल्या सहा घरांनी मिळून जमिनीत लोखंडी कड्या बसवायचं ठरवलंय. फिटरभाऊ, भिंतीला फास्टनर मारून कडी बसवली तर चालेल का? भिंत जुनी, विटांची आहे.

मिरजेचा_फिटर

विटांच्या भिंतीत नको. पहारीने हलवला की फास्टनर विटेसकट बाहेर येतो. फरशी फोडून फूटभर खोल खड्डा घ्या. १२ एमएमची सळई यू आकारात वाकवा, दोन्ही पायांची टोकं खाली आडवी वळवा म्हणजे ओढून निघत नाही. मग काँक्रीट भरा. वर चार बोटं कडी राहू द्या, त्याहून जास्त नको, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येईल. सात दिवस पाणी मारा. तोवर साखळी जिन्याच्या कठड्याला लावा.

गोडोलीकर

रविवारी खड्डे घेतो. बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या आजींकडे गाडी नाही, तरी त्या म्हणाल्या, एक कडी माझ्या दारातही बसवा, पाव्हणे आल्यावर लागेल. म्हणजे सात झाल्या.